सर्व्हर डाऊन असतो आणि माणसं माझ्यावर ओरडतात

*ताई, नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात सेवा केंद्र चालवते. वय 29. उत्पन्नाचे दाखले, नॉन-क्रिमिलेअर, पीकविमा, सातबारा, पॅन कार्ड, सगळं करते. सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, सुरू झाली आणि माझी झोप गेली. शटर उघडायच्या आधी बाया ओट्यावर येऊन बसलेल्या असतात. आधार नंबर टाकला की ते गोल फिरत राहतं, फिरून फिरून एरर येतो. ओटीपी येत नाही, आला तर वेळ संपल्यावर येतो.*

*आमच्या गावच्या एक मावशी आहेत, साठीच्या आसपास. मुलगा-सून कोयत्यावर, ऊसतोडीला, सांगलीकडे गेलेत. मावशींचा आणि काकांचा, दोघांचाही आधार मुलाच्या नंबरला जोडलेला. साईट चालते तेव्हा मुलगा फडात आणि फोन कोपीवर. मुलगा फोनवर सापडतो तेव्हा साईट बसलेली. किती हेलपाटे घातले त्यांनी! मागच्या आठवड्यात पुन्हा आल्या आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "मावशी, सर्व्हर काय मी खिशात घेऊन फिरते का? पोराला घेऊन या, नाहीतर येऊच नका." त्या काही बोलल्या नाहीत. कागद पिशवीत घातले आणि गेल्या. परत आल्या नाहीत. त्या दिवशी मला घास गेला नाही.*

*रात्री दोनला उठून फॉर्म भरते, तेव्हा साईट जरा हलते. तरी लोक म्हणतात, पैसे घ्यायला बरं जमतं हिला. मी मुद्दाम साईट बंद ठेवते असंही एकजण म्हणाली. मिस्टर म्हणतात, बंद कर हे सगळं. खरंच बंद करू का?*

*– एक केंद्रचालक*

प्रिय मैत्रीण,

आधी मावशींचं बघू, कारण त्यात तारीख आहे. ई-केवायसीची मुदत 18 नोव्हेंबरला संपणार होती, ती आता 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढवली आहे. म्हणजे हातात वेळ आहे, पण फार नाही.

त्या परत तुझ्या ओट्यावर येण्याची वाट बघू नकोस, तू त्यांच्या घरी जा. संध्याकाळी जा, आणि पहिलं वाक्य "मावशी, माझं चुकलं" एवढंच असू दे. साईट चालत नव्हती, डोकं फिरलं होतं, गर्दी होती, यातलं काहीही त्याला जोडू नकोस. ते सगळं खरं आहे, पण तिथे सांगितलंस की माफीचा खुलासा होतो. त्यांनी चहा ठेवला तर घे.

मग तिथूनच मुलाला फोन लाव. ऊसतोडीच्या माणसाचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो आणि गाडी भरायला रात्रही होते, त्यामुळे तुझ्या केंद्राच्या वेळेत तो सापडणारच नाही. त्यालाच विचार, फोन हातात आणि रेंज असलेल्या जागी तू कधी असतोस? तो म्हणेल ती वेळ धर, मग ती पहाटे पाचची का असेना. आदल्या दिवशी फोन चार्ज करून ठेवायला सांग. बोलता बोलता फोन स्पीकरवर टाकून मेसेज कसा उघडायचा, हे त्याच्याकडून तेव्हाच एकदा करून घे. ओटीपीची मुदत मिनिटांची असते आणि ती मिनिटं "थांबा, मेसेज दिसंना, फोन ठेवून परत लावतो" यातच जातात. आणि तुला दोन ओटीपी लागणार आहेत, मावशींचा आणि काकांचा, तेही एकाच फोनवर. पहिला येईल तो आईचा, तो पूर्ण झाल्यावर दुसरा येईल तो वडिलांचा, हे त्याला आधीच सांगून ठेव. उशीर झाला म्हणून लगेच 'पुन्हा पाठवा' दाबू नकोस. नवा मागितला की जुना बाद होतो, आणि उशिरा पोचलेला जुना आकडा तो नवा समजून तुला वाचून दाखवतो. निम्मे घोळ इथेच होतात. साईटने दिलेला वेळ पूर्ण जाऊ दे, मगच पुन्हा माग.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. तुझा आवाज आणि नंबर तो ओळखतो म्हणून तुला ओटीपी सांगतोय. "ई-केवायसी करायची आहे, ओटीपी सांगा" म्हणून दुसऱ्या कुणाचाही फोन आला तर सांगायचा नाही, हे त्याला बजावून ठेव. मावशींकडे स्वतःचा साधा फोन असला तर पुढे कधीतरी त्यांना आधार केंद्रावर नेऊन त्यांचाच नंबर जोडून दे. सध्या त्याचे 75 रुपये पडतात. बोटाचा ठसा देऊन नंबर बदलता येतो, जुन्या नंबरवरचा ओटीपी लागत नाही. म्हातारी माणसं घरी, फोन मुलाकडे आणि मुलगा दोन जिल्हे पलीकडे, अशी घरं तुझ्या गावात किती असतील ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सप्टेंबर ते डिसेंबर ही मुदत ज्यांनी ठरवली त्यांना बीड जिल्ह्यात ऑक्टोबरनंतर कितीतरी घरं कुलूपबंद असतात हे ठाऊक असायला हवं होतं. मला याचा राग येतो, आणि तो राग तुझ्यावर नाही.

आता साईट का बसते ते नीट समजून घे. समजलं की हाताची घाई थोडी कमी होते.

लाडकी बहीणच्या लाभार्थी बायका दोन कोटींहून जास्त आहेत. सगळ्यांना एकच शेवटची तारीख. प्रत्येकीच्या मागे दोन आधार, दोन ओटीपी. शिवाय हे सगळं एकट्या साईटवर होत नाही. आधारची यंत्रणा वेगळी, मेसेज पाठवणारी वेगळी, टॉवर वेगळा, आणि यातलं एक जरी अडलं तरी तुझ्या पडद्यावर गोल फिरतं. जात्यात एकदम पायलीभर दाणे ओतले तर जास्त पीठ पडत नाही, जातंच अडतं. सर्व्हरचंही तसंच होतं. एका वेळी किती जणांचं काम हातात घ्यायचं याला मर्यादा असते. त्या मर्यादेच्या पलीकडची माणसं ताटकळतात, ताटकळलेली माणसं पुन्हा बटण दाबतात, आणि प्रत्येक दाबण्यासरशी सर्व्हरकडे आणखी एक काम जातं. आधीचं काम त्याने टाकून दिलेलं नसतं, तेही तो करतच असतो, ज्याचं उत्तर घ्यायला आता कुणी थांबलेलं नाही.

हे फक्त सरकारी साईटचं दुखणं नाही. 12 एप्रिल 2025 ला यूपीआय देशभर अडखळलं होतं, तुझ्याकडेही त्या दिवशी क्यूआर कोड चालला नसेल. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने कारण शोधलं तेव्हा निघालं काय, तर 'आधीच्या व्यवहाराचं काय झालं' हे विचारणाऱ्या विनंत्यांचा काही बँकांच्या बाजूने एवढा मारा झाला की नव्या व्यवहारांना जागाच उरली नाही. म्हणून मग नियम आले. 1 ऑगस्ट 2025 पासून एका ॲपवरून दिवसात 50 वेळाच शिल्लक बघता येते, आणि अडकलेल्या व्यवहाराची विचारणाही ठरावीक अंतर ठेवून, मोजक्याच वेळा करायची.

त्याच्याही कितीतरी आधी, ऑक्टोबर 1986 मध्ये, अमेरिकेत बर्कलेला इंटरनेटच्या बालपणी हेच घडलं. तिथली प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम 400 यार्ड, म्हणजे गावाच्या वेशीपासून शाळेपर्यंत असावं तेवढं. त्या तारेवरचा वेग सेकंदाला 32 हजार बिटवरून 40 बिटवर आला. तार तुटली नव्हती. पोचलं नाही असं वाटून प्रत्येक यंत्र तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत होतं आणि त्या पुनःपुन्हांनीच रस्ता भरला होता. व्हॅन जेकबसन या संशोधकाने मायकेल कॅरेल्सबरोबर त्यावर उपाय काढला, 1988 मध्ये तो छापून आला, आणि त्या विचाराच्या सुधारलेल्या रूपांवर आजचं इंटरनेट चालतं. उपाय असा की उत्तर आलं नाही तर पाठवण्याचा वेग कमी करायचा, पुन्हा प्रयत्न करताना आधीपेक्षा जास्त थांबायचं, आणि रस्ता मोकळा दिसला की हळूहळू वाढवायचं.

यातली माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की त्यांनी कुणाला संयमाचा उपदेश केला नाही. थांबण्याचा नियम यंत्रातच घातला. तुझ्या ओट्यावरच्या बायांनी धीर धरावा हे सांगणं सोपं आहे, पण त्यांच्या धीराने ही साईट सुधारणार नाही. जिल्ह्यागणिक तारखा देता आल्या असत्या, आधारच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे आठवडे वाटून देता आले असते. 28 एप्रिल 2021 ला कोविडच्या लसीसाठी 18 वर्षांवरच्या सगळ्यांची कोविन पोर्टलवरची नोंदणी सगळ्या देशाला संध्याकाळी चारच्या ठोक्याला उघडली. पहिल्याच दिवशी एक कोटीहून जास्त नोंदण्या झाल्या, पण त्या आधी कितीजण तो फिरणारा गोल बघत बसले होते! तेव्हाही वाटून देता आलं असतं.

तू मात्र तुझ्या केंद्रात हे करू शकतेस, आणि करावंस असं मला वाटतं.

डेन्मार्कमध्ये आग्नेर एर्लांग नावाचा गणिती कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करायचा. किती फोन आले तर किती तारा लागतील, माणसांना किती थांबावं लागेल, याचं गणित त्याने 1909 पासून मांडायला सुरुवात केली. त्याच पायावर उभा राहिलेला एक हिशेब तुझ्या कामाचा आहे. खिडकी एक, माणसं कधीही येणारी, कुणाचं काम लवकर होणारं तर कुणाचं रेंगाळणारं. अशी खिडकी निम्मा वेळ मोकळी असेल तर येणाऱ्याला सरासरी एका माणसाच्या कामाइतकं थांबावं लागतं. खिडकी शंभरातली 90 मिनिटं गुंतलेली असेल तर नऊ माणसांच्या कामाइतकं. 95 मिनिटं गुंतलेली असेल तर 19 माणसांच्या कामाइतकं. काम थोडंसंच वाढलं, पण थांबणं दुपटीहून जास्त झालं. सर्व्हरही इथेच अडकतो आणि तूही. दहाला शटर उघडून सगळ्यांना एकदम समोर घेतेस तेव्हा तुझीही खिडकी शंभर टक्क्यांवर असते, आणि त्या अवस्थेत कुणाचाही आवाज चढतो.

म्हणून माणसं वाटून घे. वस्तीप्रमाणे वार ठरव, बाजाराचा दिवस बाहेरगावच्या माणसांना ठेव, आणि ते वार शटरवर ठळक अक्षरात लाव. आलेल्या प्रत्येकीचे कागद आधी तपासून घे. नावात चूक, आधारला नंबर नाही, नवऱ्याचं आधार आणलेलं नाही, हे साईट बंद असतानाही कळतं. ज्यांचे कागद पूर्ण आहेत त्यांचं नाव आणि फोन नंबर लिहून घे आणि सांग, "साईट चालू झाली की मी फोन करीन, फोनजवळ राहा." "उद्या या" हे दोन शब्द शक्यतो तोंडातून काढूच नकोस. तुझ्यासाठी ते दोन शब्द आहेत, वाडीवरून येणाऱ्या बाईसाठी तो बुडालेला रोज आहे आणि जीपचं भाडं आहे. दोन्हीही तिला कुणी भरून देत नाही. उद्याही साईट चालेल की नाही ते तुलाच माहीत नसतं, आणि नेमकं तेच तिला तुझं खोटं वाटतं.

मुद्दाम साईट बंद ठेवते म्हणणाऱ्या बाईला पडदा दाखव. तुझा मॉनिटर गिऱ्हाइकाकडे पाठ करून असेल तर तो फिरव, समोरच्याला दिसेल असा ठेव. तिच्यासमोर नंबर टाक, एरर आला की मोठ्याने वाचून दाखव. साईट बसली आहे की आपलंच नेट गेलंय हेही दोन मिनिटांत बघता येतं. दुसरी एखादी साईट उघडते का बघायचं, मग मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून तीच साईट लावून बघायची. दुसऱ्या कंपनीचं एक सिम त्यासाठी ठेवच. नेट आपलं असेल तर तसं कबूल कर, लोक ते समजून घेतात. पैशांचंही तसंच. पीकविम्याच्या अर्जामागे केंद्राला विमा कंपनीकडून 40 रुपये मिळतात आणि शेतकऱ्याकडून वेगळे घ्यायचे नसतात, हे तुझ्या गावात किती जणांना ठाऊक आहे? कशाचे किती आणि कशाचे काहीच नाहीत, हा फलक दारात असला पाहिजे. लाडकी बहीणची ई-केवायसी तर ज्याच्याकडे फोन आणि नेट आहे त्याला घरी बसून फुकट करता येते, हेही त्यावर लिही. शिकलेली पोरं घरात असलेल्या बायका तेवढ्या कमी येतील आणि तुझा वेळ ज्यांना कुणी नाही त्यांना मिळेल. उत्पन्न थोडं घटेल. तरीही लिही.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते.

आपल्याकडे 2015 पासून महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवास दाखला अशा अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत द्याव्याच लागतात. दिल्या नाहीत तर अपील करता येतं, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. कायदा चांगला आहे. पण दिवस मोजायला सुरुवात होते ती अर्जाची पावती निघाल्यावर. ज्याचा अर्ज पोर्टलने घेतलाच नाही त्याच्याकडे पावती नाही, क्रमांक नाही, तारीख नाही. तो पाच वेळा आला होता, दिवसभर बसला होता, मजुरी बुडवून आला होता, याचा सरकारदरबारी कुठेही पुरावा नाही. तालुक्याला मीटिंगमध्ये आकडे वाचले जातात ते भरलेल्या अर्जांचे. न भरता आलेल्या अर्जांचा आकडाच नसतो, म्हणून सगळं सुरळीत दिसतं. मावशी ज्या दिवशी कागद पिशवीत घालून परत गेल्या, त्या दिवशी तालुक्याच्या हिशेबात काहीच घडलेलं नव्हतं.

हा पुरावा तयार करणारं गावात एकच माणूस आहे, ते म्हणजे तू.

एक लांब वही घे, दोनशे पानी, रेघांची. रोजच्या पानावर वर तारीख. खाली वेळ, कोणतं काम, माणसाचं नाव आणि गाव, पडद्यावर काय आलं ते जसंच्या तसं, आणि शेवटी त्या माणसाची सही किंवा अंगठा. उदाहरणार्थ: "सकाळी 11.20, ई-केवायसी, ओटीपी पाठवा दाबल्यावर एरर, पुन्हा 12.05 ला तेच, दुसऱ्या सिमवरूनही तेच, परत पाठवलं." बस. आधार नंबर वहीत लिहायचा नाही, त्याची झेरॉक्स वहीत अडकवायची नाही. एररचा स्क्रीनशॉट घ्यायचा तो संगणकाची तारीख-वेळ दिसेल असा, आणि दिवसाच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा. ओट्यावर बसलेल्या बाईला सही करायला वही पुढे केलीस की तिचा सूर कसा बदलतो ते बघ. आपलं येणं कुणीतरी लिहून घेतंय हे तिला दिसतं. ज्या रागाला जायला जागा नव्हती म्हणून तो तुझ्यावर येत होता, त्याला ही एक जागा मिळते.

अडकलेल्या पैशांचीही नोंद याच वहीत ठेव. यूपीआयने फी भरली, खात्यातून कटली, पावती निघाली नाही, आणि माणूस म्हणतो "तुझ्याकडं आलेत पैसे." अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा भरू नकोस, आधी पोर्टलवर पेमेंटची स्थिती बघ. रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा नियम आहे की दुकान किंवा संस्थेला केलेलं यूपीआय पेमेंट खात्यातून कटूनही पोचल्याची खात्री झाली नाही तर पुढच्या पाच दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत, त्यानंतर दर दिवसाला 100 रुपये भरपाई. बँकेकडे तक्रार करून 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. हा नियम छापून भिंतीवर चिकटव.

रात्रीच्या जागरणाबद्दल थोडं कठोर बोलते. दोनला उठणं रोज चालणार नाही. दिवसा गिऱ्हाइकांवर निघणारा राग त्या अपुऱ्या झोपेतून येतो आहे. रात्री साईट हलते हे खरं आहे, पण पहाटे साडेपाच-सहालाही बहुतेक ती हलते, आणि तेव्हा ओटीपी सांगायला माणसंही जागी असतात. ठरवून आठवड्यातले दोन दिवस पहाटे बस, त्या दिवशी दुपारी शटर ओढून झोप, आणि तेही फलकावर लिही. मुदतीचा आठवडा सोडला तर मध्यरात्रीला हात लावू नकोस.

मिस्टर म्हणतात बंद कर. ते तुझ्या तब्येतीकडे बघून म्हणत असतील तर त्यांचं म्हणणं उडवून लावू नकोस. पण हा निर्णय डिसेंबरात घेऊ नकोस. आत्ता गहू-हरभऱ्याच्या विम्याची 15 डिसेंबर आणि ई-केवायसीची 31 डिसेंबर अशा दोन तारखा डोक्यावर आहेत, आणि थकलेल्या माणसाला बंद करणं हा एकच रस्ता दिसतो. जानेवारीत शांतपणे वही आणि हिशेब घेऊन दोघं बसा. कोणत्या कामात किती तास जातात आणि हातात काय पडतं ते मांडा. काही कामं सोडून द्यावीशी वाटतील, ती सोड. सगळी कामं एकाच केंद्राने केली पाहिजेत असं कुठे आहे? पण मला विचारशील तर बंद करू नकोस. तुझ्या पत्रात तुझ्या स्वतःच्या पैशांच्या नुकसानीबद्दल एक ओळही नाही, मावशींबद्दल मात्र अख्खा परिच्छेद आहे. अशी बाई गावातल्या त्या खुर्चीवरून उठली तर तिथे कोण बसेल याचा विचार माझ्या मनात येतो.

शेवटचं काम, आणि ते 15 तारखेच्या आत. तालुक्यातल्या केंद्रचालकांचा तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप असेलच. तिथे रोज "साईट चालू आहे का कुणाची?" एवढंच विचारलं जातं. तिथे लिही की आपण सगळेजण आठ दिवस अशी वही ठेवू. आठ दिवसांनी तुम्ही पाच-सातजण जरी जमलात तरी पुरे. सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून तहसीलदारांच्या नावे एक पानी अर्ज लिहा, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि तुमच्या जिल्ह्याच्या सेवा केंद्रांचं काम बघणाऱ्या व्यवस्थापकांना. अर्जात तक्रारीचा सूर नको, आकडे द्या: या तारखांना या वेळांत साईट चालली नाही, इतकी माणसं परत गेली. मग दोन मागण्या करा. मुदत वाढवायची असेल तर ती शेवटच्या रात्री न वाढवता आधी जाहीर करा. 2023 च्या खरिपात पीकविम्याची मुदत 31 जुलैवरून 3 ऑगस्टवर गेली, 2025 मध्ये प्राप्तिकर विवरणपत्राची मुदत 15 सप्टेंबरच्या रात्री एका दिवसाने वाढली. तोवर माणसांनी रात्री जागून काढलेल्या असतात. आणि दुसरी मागणी, कोयत्यावर गेलेल्या घरांसाठी ओटीपीशिवायची सोय द्या, बोटाच्या ठशावर किंवा गावातल्या शिबिरात. ही मागणी बीडमधून गेली तर तिला वजन आहे.

सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडा, वही स्वतःकडेच ठेवा. अर्जाच्या दोन प्रती न्या, आणि एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका.